टलीचा तेजोमेघ

तेजोमेघ चरबीचा निघाला.

मर्व्हिन टलीने कॅमेरा स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडला होता. आतल्या काचेवर अंगठ्याचा तेलकट ठसा होता. बायको नोलीनने चष्मा लावून तो निरखला.

"मटणाचं चॉप खाऊन हात धुतले नव्हतेस."

महिनाभर मर्व्हिन हवेत होता. चाळीस वर्षं मेंढ्यांची लोकर कातरलेल्या या माणसाने परसातून आकाशाचे फोटो काढता काढता कुणालाच ठाऊक नसलेला, अगदी पुसट तेजोमेघ शोधला होता. ऑस्ट्रेलियातल्या त्याच्या गावच्या, कूनाबाराब्रनच्या, आकाशप्रेमी मंडळाने त्याला दोनदा सभासदत्व नाकारलं होतं. मंडळाचा अध्यक्ष ग्रॅहम पास्को, निवृत्त हेडमास्तर, त्याला तोंडावर 'मेंढरू' म्हणायचा. फोटो तपासायला मागून घेताना मात्र पहिल्यांदाच 'मिस्टर टली' म्हणाला. आज दुपारच्या सभेत शोधाची घोषणा व्हायची होती.

आणि काल मर्व्हिनने दुर्बीण त्रिशंकू तारकासमूहावरून वृश्चिकाकडे वळवली, तर तेजोमेघ तिथेही हजर. फोटोच्या त्याच कोपऱ्यात.

"गप्प बस की," नोलीन म्हणाली. "कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना. सांगून टाकतो. हसले तर हसले."

"मग आधी खाऊन घे तिथे. हसून झाल्यावर कुणी केक देत नाही."

हॉल खच्चून भरला होता, म्हणजे तेवीस माणसं होती. मर्व्हिनने केकला हात लावला नाही. सगळे बसताच तो उभा राहिला.

"मला एक कबुली द्यायचीय..."

"थांब जरा, टली." ग्रॅहमने हात वर केला. "आधी माझं ऐका. हा तेजोमेघ मी मार्चमध्येच टिपला होता, टलीच्या कितीतरी आधी. खात्री करायची म्हणून गप्प होतो. सिडनीच्या मासिकाला कालच कळवलंय. माझ्या नावाने."

त्याने दिवे मालवले आणि पडद्यावर आपला फोटो लावला.

तोच अंगठा. फक्त उलटा फिरवलेला आणि निळा रंगवलेला.

"बाई बाई, काय ती वलयं!" पहिल्या रांगेतली बाई म्हणाली.

नोलीनने तोंडात रुमाल कोंबला. मर्व्हिन जागचा हलला नाही. महिनाभर याच माणसाच्या एका 'मिस्टर'वर तो खूश होता. त्याचे कान तापले. मग त्याने पडद्यावरच्या निळ्या अंगठ्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं.

"हं, कसली कबुली?" ग्रॅहमने विचारलं. "काही तक्रार आहे का?"

"छे, छे. तक्रार कसली! तेजोमेघ तुझाच, ग्रॅहम," मर्व्हिन म्हणाला. "फक्त मासिकात फोटो मोठा छापायला सांग. वलयं नीट दिसली पाहिजेत."