वळणावरचे दोन रणगाडे

रिव्हर्स गिअर काही केल्या पडेना. मामांनी दांडा दोन्ही हातांनी ओढला, त्याला लाथ घातली, गाडी बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मामा म्हणजे चालक. वयाने मोठे, म्हणून कमांडरसुद्धा त्यांना मामाच म्हणे.

रणगाडा शत्रूचा होता. डिझेल संपल्यामुळे तो भर रस्त्यात सोडलेला सापडला. वर्कशॉपने त्यावर आपलं चिन्ह रंगवलं आणि तो मामा, कमांडर आणि तोफची या तिघांच्या गळ्यात मारला. आतल्या पाट्यांवरचं अक्षरही कुणाला वाचता येत नव्हतं. रिव्हर्स कधी पडे, कधी नाही.

आज तो पडायलाच हवा होता. दोन उंच बांधांमधल्या अरुंद वळणावर समोरून दुसरा रणगाडा आला होता. दोघेही जागच्या जागी थांबले, तोफा एकमेकींवर रोखून.

तोफचीचं बोट खटक्यावर गेलं आणि तिथेच अडलं. समोरचा रणगाडा आपल्या बनावटीचा होता.

मामांनी फटीला डोळा लावला. डावं मडगार्ड चेपलेलं होतं. वर्कशॉपच्या फाटकाला धडकवून ते मामांनीच चेपवलं होतं. महिन्यापूर्वी दलदलीत रुतला, तेव्हा हाच रणगाडा टाकून तिघे जीव घेऊन पळाले होते.

"साहेब, गाडी आपली आहे," मामा हळूच म्हणाले. "आतली माणसं त्यांची."

उडवू का, असं तोफचीने विचारलं. कमांडरने त्याला हातानेच थांबवलं. एवढ्या जवळून एकाने गोळा सोडला, तर दुसराही सोडणार. पण समोरून अजून काहीच आलं नव्हतं. ते कशाला थांबलेत, हे बघितल्याशिवाय त्याला राहवेना. झाकण उचलून त्याने डोकं बाहेर काढलं.

तिकडचंही झाकण उघडलं. एक टकलू माणूस वर आला, कोपरापर्यंत तेलाने माखलेला. त्याचं कमांडरकडे लक्षच नव्हतं. तो यांच्या रणगाड्याकडे बघत होता, लांब दिलेल्या लेकीची तब्येत न्याहाळावी तसा.

खाली मामांनी पुन्हा दांडा ओढला. गिअर करकरला. टकलूने तोंड वाकडं केलं, जणू त्याचाच दात कुणी उपटला. मग त्याने हात वर केला. मूठ वळली, खाली दाबली, अंगाकडे ओढली. परत तेच.

"मामा, आधी दाबा. मग ओढा," कमांडरने खाली सांगितलं.

गिअर लोण्यासारखा पडला.

मामांनी कमांडरचा पाय हलवला आणि निरोप दिला: उतारावर त्या गाडीचा डावा ब्रेक धरत नाही, जपायला सांगा. कमांडरने हातवारे करून कसंबसं ते समजावलं. टकलूने कपाळावरचं टेंगूळ चोळलं आणि हसला. त्याला ते आधीच कळलं होतं.

दोन्ही रणगाडे हळूहळू मागे सरकले. तोफा मात्र वळण आड येईपर्यंत एकमेकींवरच होत्या.

तळावर कर्नलसाहेब वाट बघत होते. शत्रूचा रणगाडा दिसला का, असं त्यांनी विचारलं. कमांडर शब्द जुळवत राहिला, तेवढ्यात मामा पुढे झाले.

"एकच दिसला, साहेब. त्यात आम्हीच होतो."