मासळीचं पाणी

सुगंधानं रोप चिमटीत धरलं न धरलं तोच ते हातात आलं. जोर तिनं लावलाच नव्हता. बुडाशी मूळ म्हणावं असं काही उरलंच नव्हतं. होती ती कुरतडलेली काळी चिंधी, आणि तिला चिकटलेल्या तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या अळ्या. कालपर्यंत हे रोप ताठ उभं होतं. तिनं शेजारचं धरलं. तेही आलं.

भांडुपच्या चाळीमागं, कारखान्याच्या भिंतीला धरून, खाटेएवढी जमीन आणि तिच्यात लावलेला कोबी. एवढ्यासाठी कुणी जीव टाकतं का, असं लोक म्हणतील. म्हणोत. सुगंधाची सगळी मुंबई त्या खाटेएवढ्या जमिनीवर येऊन ठेपली होती.

गिरणी संपात बंद पडली ती पडलीच. गुणाजी आज उघडेल, उद्या उघडेल करत गेटापाशी खेटे घालत राहिला, आणि यंदा दसऱ्याच्या सुमाराला एका संध्याकाळी म्हणाला, "आता हंय काय ऱ्हवलां? गावाक जावया."

सुगंधाला गाव नको होतं असं नाही. तिथली चूल नको होती. तिथं थोरल्या जावेचं राज्य. लग्नानंतरची पहिली वर्षं तिनं त्या घरात आमटीत मीठसुद्धा विचारून घातलं होतं. इथली खोली दहा बाय दहाची, पण मिठाचा डबा तिचा.

"एवढो एक हिवाळो बघा," ती नवऱ्याला म्हणाली होती. "मागच्या जाग्यात कोबी लावया. धरलो तर हंयच ऱ्हवाचा, भाजी इकून पोट भरूया. नाय धरलो तर मी तोंडातून शबूद काढूचंय नाय. बोचकां बांधतंय."

गुणाजी कबूल झाला. गावाचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. काढला नाही म्हणजे नाहीच. दिलेल्या शब्दाला जागणारा माणूस. त्यानं दगडगोटे वेचले, वाफा केला, रोपं लावली. कुणीतरी राखेचं सांगितलं, तर रोज सकाळी नाक्यावरच्या बेकरीतून डालड्याच्या डब्यात राख आणून तो एकेका रोपाच्या बुडाशी गोल रिंगण घालू लागला. गिरणीत धागा तुटला की ज्या हलक्या बोटांनी सांधायचा, त्याच बोटांनी.

मग सुगंधा तरी मागं कशी राहील? तिच्या गावी माडाला आणि मिरचीला मासळी धुतलेलं पाणी घालत. माड कसे लगडायचे. सोमवार-गुरुवार सोडून ती चाळीतल्या सगळ्या घरांतून ते पाणी गोळा करायची आणि रोपांना घालायची. ती डबा घेऊन आली की गुणाजी काही न बोलता सरकून तिला जागा करून द्यायचा. तिच्या पाण्यानं त्याची राख वाहून जायची. तो चकार शब्द काढायचा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा राख आणायचा. असा शांत नवरा मिळाला म्हणून तिला स्वतःचंच कौतुक वाटायचं.

आणि तरी रोपं एकामागून एक माना टाकत होती. पलीकडचा वाफा शांताबाईचा आणि तिच्या नवऱ्याचा, अंबादासचा. शांताबाई साताऱ्याकडची. तिचा कोबी मात्र कसा टरारून आला होता. नजर लागली ती तिचीच; सुगंधाला दुसरं कारण शोधायची गरजच पडली नाही. तिनं तुटकी चप्पल काठीला बांधून शांताबाईच्या बाजूला तोंड करून टांगली आणि तिच्याशी बोलणं टाकलं.

आज मात्र शांताबाई स्वतःच आली. चप्पल तिनं बघितली, हातानं बाजूला सारली आणि वाफ्यापाशी उकिडवी बसली. ओल्या मातीवर माश्या घोंगावत होत्या. तिनं नाकाला पदर लावला.

"अगं, मासळीचं पाणी घालतीस व्हय ह्यात?"

"रोज घालतंय. का?"

"तुमच्या माडाला चालत असंल. कोबीला नाय चालत. ह्या वासाला माशी येती, बुडाशी अंडी घालती, त्याच्या ह्या अळ्या. मुळं खात्यात नुसती." शांताबाईनं मातीचं ढेकूळ फोडलं. आत अळ्या वळवळत होत्या. "साधं पाणी घाल, आन् राख हाय तशी राहू दे. पण आमच्या ह्यांनी हे सगळं गुणाजीभावजींना सांगितलंय की. रोपं लावली त्याच आठवड्यात. तुला नाय बोलले?"

शांताबाई निघून गेली. सुगंधा तिथंच बसून राहिली. आपल्याच हातांनी आपण महिनाभर अळ्या पोसल्या, हे तिला कळत होतं. त्यापुढचं कळून घ्यायला मन धजत नव्हतं.

गुणाजी राखेचा डबा घेऊन आला. वाफ्यात आता उभी अशी मोजकीच रोपं होती. तो खाली बसला आणि नेहमीसारखं रिंगण घालू लागला. सुगंधा उठून जवळ गेली. तिच्या हातात आज डबा नव्हता, तरी सवयीनं त्यानं सरकून तिला जागा करून दिली.

"अंबादासभावजींनी तुमका सांगितलां होता?" तिनं विचारलं.

गुणाजीची बोटं थांबली.

"मी रोज तुमच्या फुड्यात पाणी ओतलंय. तुमी माका एकदा तरी बोललात कशाक नाय?"

उरलेली राख त्यानं त्या रोपाच्या बुडाशी हलकेच दाबून बसवली.

"तुका सांगितलां असतां," तो म्हणाला, "तर रोपां जगली असती."