सातवं गणित

निकालाच्या स्क्रीनवर एकच नाव हिरवं झालं, ऋजुताचं. बाकीचे चाळीस जण सातव्या गणितावर लाल.

ढवळीकर सर खूश झाले. वर्कशॉपमध्ये त्यांनी प्रत्येकाला लॅम्डा कॅल्क्युलसचा इंटरप्रिटर, म्हणजे नुसत्या फंक्शन्समध्ये मांडलेली गणितं सोडवणारा प्रोग्रॅम, लिहायला सांगितला होता. उत्तरं तपासायला सर्व्हरवर सरांचा स्वतःचा इंटरप्रिटर होता. "बघा, असं लिहायचं असतं!" म्हणत त्यांनी तिचा प्रोग्रॅम प्रोजेक्टरवर उघडला.

निघाल्या पाचच ओळी. गणित आलं की गुपचूप सरांच्या इंटरप्रिटरला विचारायचं आणि तो देईल तेच उत्तर आपलं म्हणून पुढे सरकवायचं.

लॅबभर हशा पिकला. सरांचे कान तापले. "अगं, नक्कल करायलाही अक्कल लागते!"

"सर, कंस सोडवल्यावर सातव्यात दोन अधिक दोनच उरतात ना?" ऋजुताने विचारलं. "सगळ्यांचं उत्तर चार आलं, ते लाल. माझं पाच आलं, ते हिरवं."

हशा थांबला. सर चष्मा पुसू लागले.

"नक्कल माझीच, सर," ती म्हणाली. "अक्कल तुमची."