पुढचा प्रश्न

बेथन प्रॉसर कोर्टातल्या स्वच्छतागृहात आरशासमोर उभी होती आणि आरशालाच प्रश्न विचारत होती.

"मिसेस ॲक्रॉइड, पोलिसांना फोन केलात तेव्हा तुम्ही म्हणालात, मुलाच्या हातात सुरी आहे. पण सुरी नव्हती. आणि ते तुम्हाला माहीत होतं."

कडक झालं. गेलेल्याच्या आईशी असं बोललं तर ज्युरी बिथरते. तिने आवाज खाली आणला, मान थोडी कलती केली आणि पुन्हा विचारलं.

"होतं की माहीत," आतून उत्तर आलं.

बेथनचा हात नळावरच राहिला. कडेच्या संडासाचं दार बंद होतं. तिने ते पाहिलंच नव्हतं.

"सुरी कुठली? जिन्यात बसून रडत होता. माझी एक सपात उराशी धरून. आधीच्या खेपेला खरं सांगितलं होतं मी. पोरगा आजारी आहे, झोपत नाही, गोळ्या थुंकतो, कुणीतरी या. तुझे पोलीस म्हणाले, आजारी माणूस आमचं काम नाही, दवाखान्याला सांगा. दवाखाना म्हणाला, सोमवारी फोन करा. शनिवार होता तो. मग शेजारीण म्हणाली, मोरीन, सुरी म्हण, धावत येतात. म्हणाले. आले धावत."

पाणी ओढल्याचा आवाज झाला. दार उघडून मोरीन ॲक्रॉइड बाहेर आली. बुटकी बाई, अंगावर काळा कोट. हाच कोट तिने मुलाच्या अंत्यविधीला घातला असणार.

"सॉरी हं पोरी. चोरून ऐकत नव्हते मी. पण आत बसल्यावर माणूस जाणार कुठे?"

"मिसेस ॲक्रॉइड, मला तुमच्याशी बोलता येत नाही. मी पोलिसांची वकील आहे."

"ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून बघतेय तुला. मला काही वकील परवडला नाही, तेव्हा बोलायचं कुणाशी?" तिने हात धुतले. पुसायचा कागद संपला होता. मग तिची नजर बेथनच्या मानेकडे गेली. "थांब, हलू नकोस. लेबल बाहेर आलंय."

ओल्या बोटांनी तिने बेथनच्या कोटाचं लेबल कॉलरच्या आत सारलं आणि वरून हलकी थाप मारली.

"अशीच गेली असतीस सगळ्यांपुढे. आमच्या ग्लेनचं नेहमी असंच."

ग्लेन ॲक्रॉइड आईच्या घरात, जिन्याच्या तळाशी पालथा मेला. पाठीवर दोन पोलिसांचे गुडघे होते. कॉरोनरच्या, म्हणजे संशयास्पद मृत्यू तपासणाऱ्या न्यायाधिकाऱ्याच्या, कोर्टात आठवडाभर त्याचीच चौकशी चालली होती. दोघा पोलिसांनी विनाकारण जोर केला, की त्यांना सुरी असल्याचा निरोपच मिळाला होता, एवढं ज्युरीने ठरवायचं होतं. म्हणजे पोराचं मरण कुणाच्या पदरात टाकायचं, ते.

जेवणाच्या सुट्टीआधी मोरीन साक्षीला उभी राहिली. कॉरोनरने तिला पाणी दिलं, चार प्रश्न विचारले आणि बेथनकडे पाहिलं.

बेथन उठली. कॉलरच्या आत मान अजून ओली होती.

"मिसेस ॲक्रॉइड, तुमच्या दुःखात तुम्हाला त्रास देताना मला वाईट वाटतं."

"असू दे गं," मोरीन म्हणाली. ज्युरीतलं कुणीतरी हसलं, मायेनं.

"फोनवर तुम्ही म्हणालात, त्याच्या हातात सुरी आहे."

"म्हणाले."

"सुरी नव्हती."

"नव्हती."

"आणि ते तुम्हाला तेव्हाही माहीत होतं."

"होतं."

मागच्या ओळीतल्या एका ज्युरी बाईने ते लिहून घेतलं. लिहून झाल्यावर तिने मोरीनकडे पाहिलं नाही.

मोरीन दोन्ही हात कठड्यावर ठेवून बेथनकडे बघत होती. चेहऱ्यावर राग नव्हता. पुढचा प्रश्न कोणता ते ठाऊक असलेल्या माणसासारखी ती निवांत होती. उत्तर आधीच सांगून ठेवलं होतं तिने. आता फक्त 'मग सुरी का म्हणालात?' एवढं विचारायचं होतं.

ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्या पक्षाला नको, तो विचारायचा नाही. वकिलीतली ही पहिली शिकवण. बेथनने कागद जुळवले. ते आधीच जुळलेले होते.

"माझं झालं, सर."

"झालं?" मोरीन म्हणाली. तिने कॉरोनरकडे पाहिलं, मग पुन्हा बेथनकडे. "ती अजून एक विचारणार आहे."

"नाही, मिसेस ॲक्रॉइड. त्यांचं झालं," कॉरोनर म्हणाला. तो चांगला माणूस होता, पण दीड वाजत आला होता. "तुम्ही मोकळ्या आहात. सावकाश उतरा, तिथे पायरी आहे."

मोरीन तरी क्षणभर उभीच राहिली. मग पायरी उतरली.

बेथनच्या शेजारी पोलिसांचा सॉलिसिटर बसला होता. तो कानाशी वाकला. "झकास. एक शब्द जास्त नाही."

बेथनने वर पाहिलं नाही. काळा कोट टेबलाच्या कडेने आला आणि तिच्या खुर्चीमागे थांबला.

"लेबल पुन्हा बाहेर आलंय," मोरीन म्हणाली.

या वेळी तिने हात लावला नाही.