डावा कौल

"आधी कौल लावून या, बाबा. मग बघू." श्रुतिकाने हॉस्पिटलची फाइल मिटली आणि बाजूला सारली.

दुसरं ऑपरेशन बुधवारी होतं, मुलुंडला. सहा महिन्यांपूर्वी अल्सरच्या आजारामुळे तिचं मोठं आतडं काढावं लागलं होतं. तेव्हापासून शौचासाठी पोटाला पिशवी होती. आतड्याचा शेवटचा तुकडा आत राहिला होता आणि त्यात अजून तोच आजार होता. "तो तसाच ठेवलात तर उद्या कॅन्सर उठेल," असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. तरी पोरगी अडून बसली होती. गावच्या देवीचा कौल हवा.

चंद्रप्रकाश परबांनी बॅगेत कपडे भरायला घेतले.

"बरोबरच बोलतेय ती," त्यांची बायको शेवंती स्वयंपाकघरातून म्हणाली. "देवीने नको म्हटलेलं, तरी कापलं. मग अकरा दिवस आयसीयूत काढले पोरीने. आणखी काय व्हायचं राहिलंय?"

परबांच्या हातातला सदरा हातातच राहिला. बिचारीला काय ठाऊक!

तीन वर्षांपूर्वी असेच ते एकटे गावी गेले होते. शौचातून रक्त पडत होतं, पण पोर तेव्हा चालतीफिरती होती. डॉक्टर म्हणत होते, आत्ताच, सवड आहे तोवर ऑपरेशन करून घ्या, निभावेल. गुरवाने देवीच्या पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. उजवीकडची कळी पडली तर होय, डावीकडची पडली तर नको. पडली ती उजवीच, आणि तीही गाऱ्हाणं पुरतं संपायच्या आत. "देवीन उजवो दिल्यान, आता भियाव नको," गुरव म्हणाला.

पण परब भ्यायले. लग्नाची पोर, तिच्या पोटाला भोक पाडून पिशवी लावणार, हे त्यांना बघवणार नव्हतं. भांडुपला परत आले आणि दारात चपला काढता काढता बोलून गेले, "डावा आला." देवी काही साक्ष द्यायला भांडुपला येणार नव्हती. मग काढे झाले, पथ्यं झाली. गोळ्यांनी पोरीचं तोंड सुजलं, नोकरी सुटली. शेवटी आतडं आतल्या आत फुटलं आणि तिला उचलून न्यावं लागलं. तेव्हा कुणाला विचारायला वेळच नव्हता.

स्वतःचा भित्रेपणा परबांनी देवीच्या माथी मारला होता. श्रुतिका पिशवी बदलायला न्हाणीत गेली की ते टीव्हीचा आवाज वाढवत.

"उद्याची एसटी मिळेल ना?" श्रुतिकाने विचारलं. "तुम्ही येऊन सांगाल तसंच करायचं. डावा आला तर मी अॅडमिट होणार नाही."

परब बॅगेशेजारीच फरशीवर बसले. आता पोरीचा जीव त्यांच्या जिभेवर होता.

"श्रुती, तेव्हा कौल उजवा आला होता," ते म्हणाले. "मी खोटं बोललो. मला भीती वाटली गं."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. परबांनी मान खाली घातली. पोरीने शिव्या घातल्या असत्या तरी त्यांना बरं वाटलं असतं.

श्रुतिका उठून त्यांच्याजवळ येऊन बसली.

"मला तेव्हाच कळलं होतं, बाबा. गुरवकाकांनी फोन केला होता, ऑपरेशन कधी म्हणून विचारायला. मलाही करायचं नव्हतं, म्हणून गप्प बसले." तिने डोळे पुसले. "आणि आता तुम्हालाच पाठवत होते, ते तुम्ही परत डावाच आणाल म्हणून."