उलट्या काट्यांचं घड्याळ

मिनिटकाटा मघाशी सरळ वर होता. आता तो डावीकडे कलला होता.

घड्याळवाल्यांच्या बायकोनं चष्मा पदरानं पुसून पुन्हा पाहिलं. टेबलावरच्या घड्याळाला तबकडी अजून बसायची होती. नुसते काटे आणि खाली लंबक. लंबक बिचारा शहाण्यासारखा हलत होता. काटे मात्र मागे मागे चालले होते.

चाळीस वर्षांत नवऱ्याच्या हातानं एक स्क्रू चुकीचा पिळला नव्हता. म्हणजे आपल्याला वाटत होतं ते खरंच. दोन महिन्यांत त्यांनी दोनदा चहात मीठ घातलं होतं. एकदा तर डोळ्यालाच लावलेलं भिंग घरभर शोधलं होतं. जेवताना घास हातात तसाच धरून भिंतीकडे बघत बसायचे.

आणि या डोक्यावर अख्ख्या गल्लीची भिस्त! लोक घड्याळ टाकायला येत आणि प्रश्न विचारून जात. तासाची मिनिटं साठच का? तर बाबिलोनचे लोक साठाच्या हिशेबानं मोजायचे म्हणून. मांजर उलटी पडली तरी पायांवरच कशी उतरते? तर तिला हवेतल्या हवेत पाठ पिळता येते म्हणून. घड्याळ मिळायला आठवडा लागे, उत्तर लगेच मिळे. एकाच प्रश्नाला ते हरत. "लेक काय म्हणते?" असं कुणी विचारलं की यांना एकदम फार काम निघे.

लेक चार वर्षांपूर्वी नोकरीसाठी सातासमुद्रापलीकडे गेली आणि तिथलीच झाली. "जातेस तर जा, पुन्हा मला काही विचारू नकोस," असं हे दारात म्हणाले होते. तेव्हापासून एक शब्द नाही. तिचा फोन आला की बायको मुद्दाम स्पीकर लावून, भांडी घासता घासता, पलीकडे ऐकू जाईल अशा बेतानं बोले. हे पलीकडच्या खोलीत, चावी दिलेल्या घड्याळाला पुन्हा चावी देत बसत.

"अहो, उठा," ती आवाज सांभाळत म्हणाली. "डॉक्टरांची पाचची वेळ आहे. माझा गुडघा दाखवायचाय."

"गुडघ्याला मेंदूचा डॉक्टर?" त्यांनी मान वर केली नाही. "चिठ्ठी भाजीच्या पिशवीत ठेवू नये. पिशवी मी नेतो."

तिचा बांध फुटला. "मग काय करू मी? हे बघा काय करून ठेवलंय! काटे उलटे चाललेत आणि तुम्हाला पत्तासुद्धा नाही!"

"पत्ता आहे की. मध्ये एक चाक जास्तीचं घातलंय. दोन महिने खाल्ले त्यानं." त्यांनी खणातून तबकडी काढली. बाराच्या डावीकडे एक, मग दोन, मग तीन. आकडे हातानं रंगवलेले. "आपल्याकडे उन्हात काठी रोवली की सावली डावीकडून उजवीकडे फिरते. पहिली घड्याळं केली तीही आपल्याच अर्ध्या पृथ्वीवरच्या लोकांनी. त्यांनी काट्यांना सावलीचीच चाल लावली म्हणतात. खालच्या अर्ध्या भागात सूर्य उत्तरेच्या बाजूनं जातो, म्हणून सावली उलटी फिरते. तिथल्या कुणी आधी घड्याळ केलं असतं, तर ते असं झालं असतं."

"पण तुम्हाला विचारलं कुणी?"

"तिनं." ते उगाच खाकरले. "'आई, बाबांना विचार ना, इथे अंगणात सावली उलटी का फिरते?' म्हणाली. तू म्हणालीस, 'बरं, विचारते.'"

तिला आठवलं. म्हणाली होती खरी. आणि मेली साफ विसरून गेली होती.

"अहो, फोनवर दोन वाक्यांत सांगून झालं असतं."

ते तबकडीवरची नसलेली धूळ पुसत राहिले.

तिनं डोळे पुसले, नाक ओढलं आणि नेहमीसारखा सगळा कारभार हाती घेतला. "बरं. खोकं आहे घरी. उद्याच पार्सल करू."

"पार्सल? लंबकाचं घड्याळ?" ते चांगलेच दुखावले. "आपटत नेतील ते, खिळखिळं करतील. असलं घड्याळ मांडीवर घेऊन न्यावं लागतं."

"मांडीवर? एवढ्या लांब? कोण नेणार?"

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि घट्टच असलेला एक स्क्रू पिळायला घेतला.

"जड आहे," ते म्हणाले. "तुला एकटीला झेपायचं नाही."