बातम्यांनंतरचं मिनिट

रोज सकाळी कार्यालयातल्या माईकवरून सगळ्या वर्गांना शाळेच्या बातम्या वाचून दाखवायचं काम अकरा वर्षं नववीला शिकवणाऱ्या बाईंचं होतं. त्या वारल्यावर ते त्यांच्या नवऱ्याकडे, म्हणजे शाळेच्या क्लार्ककाकांकडे आलं.

“काका, तुमच्या बातम्या संपल्या तरी आमची नववीची कार्टी मिनिटभर वह्याच उघडत नाहीत,” गणिताचे सर एकदा म्हणाले. “विचारलं तर म्हणतात, बाई बोलताहेत. चेष्टेलाही काही सीमा असते!”

काकांना राग आला नाही. शेवटच्या आजारात बाईंचा आवाजच गेला होता. तो एकदा तरी कानावर पडावा, एवढंच त्यांना हवं होतं.

दुसऱ्या दिवशी बातम्यांचा कागद ग्रंथपालांच्या हातात देऊन ते नववीच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसले. फुटबॉलचा संघ जिंकला होता, वाचनालय गुरुवारी बंद राहणार होतं, कुणाची तरी निळी छत्री कार्यालयात पडून होती. मग स्पीकरचा खटका वाजला आणि बातम्या संपल्या.

कुणी वही उघडली नाही. मुलं स्पीकरकडे बघत होती. मध्येच सगळी एकदम हसली, बाईंच्या तासाला हसायची तशीच. काकांनी कानांत प्राण आणले, पण त्यांना फक्त पंख्याची घरघर ऐकू येत होती.

मग एकेक करत सगळा वर्ग मागे वळून त्यांच्याकडे बघू लागला. शेजारच्या बाकावरची मुलगी त्यांच्याकडे झुकली.

“काका, ओ द्या ना,” ती हळूच म्हणाली. “बाई केव्हाच्या तुम्हाला हाका मारताहेत. आता तर रडायला लागल्यात.”